हिरमतीची उलटी वाट

तर याक मागं फिरला नाही, इथवर काल आलो होतो. याक मागं फिरला नाही म्हणून सगळ्यांनी सुस्कारा सोडला, बीरमू बूबूनं पागोटं काढून डोकं खाजवलं आणि मंडळी धुऱ्यावरून, म्हणजे खिंडीच्या माथ्यावरून, खाली उतरायला लागली. पण असं मधूनच सांगितलं तर तो याक नुसता याकच राहील. त्याच्या अंगावर अंगरखा कुणाचा होता, तो विणला कुणी, हे आधी यायला हवं. म्हणजे हिरमती आधी यायला हवी. तिला मागं ठेवून कुठलीच गोष्ट पुढं गेलेली नाही. तिनं जाऊच दिली नसती.

हिरमती नामगुलची. छिरकुन धुऱ्याखालचं शेवटचं गाव ते. वर दगड, दगडावर बर्फ, बर्फात खिंड, आणि खिंडीच्या पलीकडं तिबेट. पहाटे निघालं की उन्हं डोक्यावर येताना माथा लागतो, आणि न रेंगाळता उतरलं तर दिवे लागायच्या आत घर. घरात दोनच माणसं, ती आणि थोरला भाऊ दलपू. आईबाप लवकर गेले. ती त्याला दाज्यू म्हणायची, तो तिला लाटी म्हणायचा. लाटी म्हणजे खुळी. दुसऱ्या कुणी तिला लाटी म्हटलं असतं, तर घरी जाताना त्याला आपले दात वेचून न्यावे लागले असते.

जिभेला हाड नव्हतंच, पण हात सोन्याचे. मागावर बसली की गावातल्या म्हाताऱ्यासुद्धा गप्प बसून बघायच्या. एकदा खालच्या खोऱ्यातला एक बऱ्या घरचा मुलगा तिला मागणी घालायला आला. तोंडानं गोड होता, तिच्या विणकामाची स्तुती करत सुटला. हिनं काय केलं, लोकरीची लड त्याच्या दोन्ही मनगटांत अडकवली आणि म्हणाली, जरा धरा, एवढा गुंडा करून घेते. एकाचे दोन झाले, दोनाचे चार. दुपार टळली तरी पाहुणे हात पुढं करून बसलेले, बेड्या घातल्यासारखे. नववा गुंडा संपला तेव्हा ते उठले, जेवलेसुद्धा नाहीत. पुढं निरोप आला, मुलगी चांगली आहे, पण मुलाचे खांदे धरलेत.

तिला लग्न करायचं नव्हतं असं नाही. दाज्यूचं आधी, मग माझं, असं तिचं म्हणणं. आणि त्यातच ते लढाईचं वर्ष आलं.

त्या वर्षी दलपू उशिरानं धुऱ्यापलीकडं गेला. पन्नास मेंढ्यांच्या पाठीवर धान्य आणि गूळ. येताना मीठ आणि लोकर आणायची, नेहमीसारखं. अंगावर हिरमतीनं विणलेला नवा अंगरखा. विणताना डाव्या खांद्याशी पांढरा धागा संपला. बाहेर बर्फ पडत होतं, दुसरी लोकर कातायला सवड नव्हती, म्हणून तिनं तेवढ्यात निळा घातला. झाल्यावर ती तो उसवायला निघाली तर दलपू म्हणाला, राहू दे लाटी, धुक्यात हरवलो तर ओळखू येईन. असं बोलू नये. पण माणूस बोलून जातो.

तो गेल्यावर नवव्या दिवशी खिंड बंद झाली. इकडं आपले शिपाई आले, तिकडं त्यांचे. मेंढ्या नाहीत, दलपू नाही, निरोप नाही. एक हिवाळा गेला. दुसरा गेला.

आता इथून पुढं गावात जे व्हायला लागलं ते नामगुलमधल्या कुणालाही विचारा. कुत्री भर दुपारी धुऱ्याच्या वाटेकडं तोंड करून भुंकायची. वाट रिकामी असायची, पण कुत्री अशी भुंकायची की जणू कुणीतरी हळूहळू खाली येतंय. त्यांच्या माना त्या न दिसणाऱ्याबरोबर वळत यायच्या. पहिल्या घरापर्यंत वळायच्या, मग परत वर जायच्या. मेंढीच्या गळ्यातली घंटा छपरावरून वाजत जायची. रुकमा काकीनं चुलीवर भाकऱ्या टाकल्या तर दर वेळी एक कमी भरायची. ती म्हणायची, मी मोजूनच टाकते गं.

बीरमू बूबू गावाचा वाट सांगणारा. बूबू म्हणजे आजोबा, पण तो त्या वेळी पन्नाशीतच होता. गावानं त्याला जन्मतःच म्हातारा करून ठेवलेलं. माणूस मेला की त्याच्या जिवाला पूर्वजांपर्यंतची वाट सांगावी लागते, थांब्यामागून थांबा, एकही न चुकवता. आणि जीव एकटा जात नाही. मेलेल्याचे कपडे याकाला घालतात, त्याला त्या माणसाच्या नावानं हाक मारतात, जेवू घालतात, आणि धुऱ्यावर नेऊन पलीकडं हाकलतात. तेवढा दिवस तो याक नसतो. याक परत आला तर पूर्वजांनी जीव घेतला नाही असं समजायचं. आणि हाकलल्यावर कुणी मागं वळून पाहायचं नाही. वळलं की जाणाऱ्याचा पाय अडकतो.

बूबू म्हणाला, दलपू गेलेला आहे आणि उपाशी फिरतोय. हिरमती म्हणाली, माझा दाज्यू जिवंत आहे, आणि ज्याला घाई असेल त्यानं स्वतःचा अंगरखा याकाला घालावा. गाव वर्षभर तिच्या तोंडाला लागलं नाही. पण भाऊबंदांत एक मेलेला बिनवाटेचा असला की लग्नं होत नाहीत. रुकमा काकीच्या मुलीचं जमलेलं लग्न दोनदा पुढं ढकललं, तिसऱ्यांदा मुलाकडच्यांनी सांगितलं, आता शेवटचं. काकी येऊन हिरमतीच्या मागाशेजारी बसली. नुसती रडली. शिव्यांना उत्तर होतं हिरमतीकडं, या रडण्याला नव्हतं.

ती म्हणाली, करा.

पण दलपूचा अंगरखा तर दलपूच्या अंगावर गेलेला. मग? मग तिनं तसाच दुसरा विणला. अकरा दिवस मागावरून उठली नाही. आणि विणता विणता डाव्या खांद्याशी आली तेव्हा पांढरी लोकर भरपूर होती, तरी तिनं निळा धागा घातला. त्याचा म्हणजे त्याच्यासारखाच हवा ना.

याक आणला बूबूच्या घरचा, तीन वर्षांचा, मारका. अंगरखा चढवताना चार माणसं लागतील असं सगळे म्हणत होते. हिरमती पुढं झाली तर तो कोकरासारखा उभा राहिला. गाठी बांधून झाल्यावर बूबूनं तिला जवाचं पीठ दिलं, भरव म्हणाला भावाला. याकानं तोंड फिरवलं. फाफराची भाकरी दिली, तोंड फिरवलं. मग तिनं तळहातावर मिठाचा खडा धरला तर तो लगेच चाटून घेतला. दलपूची लहानपणापासूनची खोड ती, येता-जाता मिठाचा खडा तोंडात टाकायचा. बायका एकमेकींना धरून उभ्या राहिल्या.

खालच्या चौकीवर हवालदारानं अडवलं. दूरचा, मैदानातला माणूस. याकाला अंगरखा घातलेला त्यानं कधी पाहिला नव्हता. म्हणाला, वर कोण कोण जाणार, सगळ्यांची नावं सांगा. बूबूनं सात माणसांची सांगितली आणि याकाकडं बोट करून म्हणाला, हा दलपू. हवालदार म्हणाला, हा परत कधी येणार? बूबू म्हणाला, हा नाही येणार साहेब, हा मेलाय. हवालदारानं याकाकडं पाहिलं, बूबूकडं पाहिलं, आणि वाटेवरचा आडवा दांडा वर करून चहा टाकायला आत निघून गेला.

बूबू वाट सांगत पुढं. सतरा थांबे. काळ्या दगडाचं पाणी. बिनदारी गोठा. विधवेची चढण. तीन चुली. खेचराची कवटी. असं करत करत शेवटी धुऱ्यावरची दगडांची रास, जिच्यापुढच्या जागेला नाव नाही. हिरमती मागून तेच ओठात म्हणत होती. एकदा ऐकलं की तिच्या डोक्यातून पुसलं जात नसे.

धुऱ्यावर त्या दिवशी वारा नव्हता. धुऱ्यावर वारा नाही असं होत नाही. आपलाच श्वास दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा ऐकू यायला लागतो. बूबूनं शेवटचा थांबा सांगितला, याकाच्या पाठीवर थाप मारली, आणि याक धुक्यात चालता झाला. सगळे वळले आणि उतरायला लागले.

दहा पावलांवर हिरमतीनं मागं पाहिलं.

याक माथ्यावर उभा होता. त्याच्याशेजारी एक माणूस होता. माणसाचा हात याकाच्या मानेवर, आणि तो त्या अंगरख्याच्या गाठी सोडत होता. चेहरा धुक्यात. मग त्यानं मान वर करून खाली पाहिलं, सरळ तिच्याकडं, आणि तसाच राहिला. ती वळली आणि बाकीच्यांच्या पावलावर पाऊल टाकत उतरू लागली. पूर्वज न्यायला येतात असं बूबूनं सांगितलंच होतं. आला असेल कुणी.

संध्याकाळी गावजेवण झालं. हिरमतीनं पहिला घास उचलला आणि हात तोंडापाशी थांबला. गाठी सोडणारा हात डावा होता. दलपू डावखुरा.

घास तिनं खाली ठेवला. त्या दिवसापासून ती कुठल्याही मेलेल्याच्या दिवसवाराला जेवली नाही, आणि का ते कुणाला सांगितलं नाही. काकीच्या मुलीचं लग्न झालं. कुत्री गप्प झाली. भाकऱ्या पुऱ्या भरायला लागल्या. गाव म्हणालं, बघ, सुटला बिचारा. ती मान हलवायची. पण त्यानंतर तिनं जो जो अंगरखा विणला त्याच्या डाव्या खांद्यावर एक निळा धागा असायचाच. धारचुल्याच्या बाजारात लोक ते मागून घ्यायला लागले, नवी तऱ्हा म्हणून. लग्नाचं कुणी काढलं तर ती म्हणायची, दाज्यूचं आधी.

अशी तीस वर्षं. सांगायला दोन शब्द लागतात.

मग एका उन्हाळ्यात दवंडी आली की धुरा व्यापाराला उघडतोय, नावं द्या. पहिलं नाव हिरमतीनं दिलं. साठीला चार-पाच वर्षं उरलेली, गुडघे दुखरे. चौकीवरचा नवा साहेब म्हणाला, आजी, वर विष लागतं, श्वास पुरत नाही, तुम्ही कशाला? ती म्हणाली, तुझी आई तुला या चौकीवर पाठवताना रडली असेल, मी तुला परत पाठवताना हसेन, दांडा उघड.

पलीकडच्या बाजारात ती आठ दिवस होती. गूळ विकला, शाली विकल्या, आणि प्रत्येकाला विचारलं, असा असा माणूस, डावखुरा, मीठ खाणारा. कुणाला काही माहीत नाही. परतताना मंडळींनी धुऱ्याच्या पलीकडच्या पायथ्याशी मुक्काम केला. तिथं एक काळा तंबू, पाच-सहा याक, आणि तंबूच्या तोंडाशी शेणी थापत बसलेला एक म्हातारा. त्याच्या अंगावर अंगरखा. इतका विटलेला की मूळ रंग कुठला ते सांगता येऊ नये. पण डाव्या खांद्यावरचा निळा तेवढा टिकला होता. नीळ कधी जात नाही.

ती समोर जाऊन बसली. त्यानं वर पाहिलं नाही. लोणी-मिठाचा चहा तिच्यापुढं ठेवला, डाव्या हातानं. मग तो आपल्या बोलीत बोलायला लागला, शब्द शोधत शोधत, वापर गेलेली पेटी उघडल्यासारखा.

म्हणाला, एक माणूस होता. लढाईत त्याच्या मेंढ्या गेल्या, मग थंडीनं पायाची बोटं गेली. तीन हिवाळे या तंबूवाल्यांनी सांभाळला. तिसऱ्या उन्हाळ्यात तो चोरवाटेनं घरी निघाला. माथ्यावर पोचतो तर समोरून याक येतोय, आणि याकाच्या अंगावर त्याचाच अंगरखा. जो त्याच्या अंगावर फाटून चिंध्या झालेला, तो तिथं कोरा करकरीत. तेव्हा त्याला कळलं की घरी आपण मेलोय. वाट सांगून झाली, जेवणं व्हायची आहेत. आता खाली गेलो तर ज्या चुलीपाशी बसू तिथून माणसं उठतील.

हिरमतीनं विचारलं, हाक का नाही मारली त्यानं?

"मेलेल्यानं हाक मारायची नसते," तो म्हणाला. "आणि त्यानं ठरवलं होतं, की एकानं जरी वळून पाहिलं तर उतरायचं. एकीनं पाहिलं."

"मग?"

"मग ती चालायला लागली."

हिरमती नामगुलमध्ये कुणासमोर रडली नव्हती, तिथंही रडली नाही. चहा पिऊन टाकला आणि वाटी पालथी घातली. म्हणाली, चल घरी. तो म्हणाला, बूबूनं सांगितलेली वाट एकाच बाजूची असते, तुला माहीत आहे. ती म्हणाली, मला सतराच्या सतरा पाठ आहेत, मी उलटे सांगत पुढं चालते, तू मागून ये. ज्या वाटेनं पाठवलं त्या वाटेनं परत नेते. तो पहिल्यांदा हसला. पुढचे दोन दात नव्हते.

"तू वळून पाहशील, लाटी."

"नाही पाहणार."

"तुझी खोड आहे ती."

"होती."

पहाटे व्यापारी पुढं निघून गेले. ती तंबूकडं पाठ करून उभी राहिली. मागं काही वेळ खुडबुड चालली होती, दोऱ्या ओढल्याची, याकाच्या फुरफुरण्याची. मग त्याचा आवाज आला, चल. ती निघाली.

माथ्यापर्यंत त्याचा खोकला मागं होता, आणि बोटं नसलेल्या पायाचं ओढत पडणारं पाऊल. एक पूर्ण, एक अर्धं. त्याच्यामागं याकाची घंटा. माथ्यावर त्या दिवशीही वारा नव्हता. दगडांच्या राशीपाशी ती थांबली आणि नावं उलटी सुरू केली. मागं दोरीचं काहीतरी सुटल्याचा, काहीतरी बांधल्याचा आवाज झाला. ओझं सारखं करत असेल, असं तिला वाटलं. किंवा तसं वाटू दिलं तिनं.

खेचराची कवटी. खोकला आला नाही. चढ संपला, आता कशाला येईल.

तीन चुली. ती कान देऊन ऐकत होती, एक पूर्ण एक अर्धं, एक पूर्ण एक अर्धं. दगडांवरून उतरताना चार पायांच्या वाजण्यात दोन पाय कसे ओळखायचे? ती मोठ्यानं म्हणाली, दाज्यू, पाय दुखतोय का? मागं सगळं थांबलं. उत्तर नाही. फक्त श्वास, जवळ, ऊन, तिच्या मानेवर. मेलेल्यानं बोलायचं नसतं हे तिला आठवलं, आणि अजून तीन थांबे तो मेलेलाच होता. ती पुढं निघाली तसा तोही निघाला.

विधवेच्या चढणीवर, जी आता उतरण होती, तिची मान स्वतःहून वळायला लागली. असं तिनंच पुढं सांगितलं. म्हणाली, मी वळवत नव्हते, कुणीतरी हनुवटी धरून वळवत होतं. मग तिनं पदरातला मिठाचा खडा काढला आणि हात मागं केला, न पाहता. ऊन, खरखरीत जिभेनं तो उचलून घेतला. तिनं हात पदराला पुसला नाही. मूठ मिटली आणि नाव घेतलं, बिनदारी गोठा.

चौकीवरच्या पोरानं तिला थांबवायला हात वर केला होता. त्यानं तिच्यामागं पाहिलं. हात तसाच खाली आला आणि त्यानं दांडा उचलला. त्याचा चेहरा तिनं पाहिला. सगळं त्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं, आणि तिला वाचता येत होतं. तरी ती वळली नाही. काळ्या दगडाचं पाणी, म्हणाली. सतरावा. संपले.

उन्हं कलली होती. गाव बाहेर आलेलं, कारण कुत्री भुंकत होती, धुऱ्याच्या वाटेकडं तोंड करून, आणि तीस वर्षांत ती तशी भुंकली नव्हती. पण हिरमती जवळ येताच एकेक करून गप्प बसली. माणसं दोन्ही बाजूंना सरली. रुकमा काकीची मुलगी, आता स्वतः आजी झालेली, तिनं तोंडावर हात ठेवला. सगळे हिरमतीच्या मागं पाहत होते.

मागं याक होता. त्याच्या अंगावर विटका अंगरखा, डाव्या खांद्यावर निळा धागा, आणि गाठी सगळ्या डाव्या हातानं मारलेल्या, उलट्या. शिंगांमध्ये धुऱ्यावरचं बर्फ अजून वितळायचं होतं.

हिरमतीच्या घराच्या उंबऱ्यावर बीरमू बूबू बसला होता. ऐंशी ओलांडलेला, डोळ्यांत मोतीबिंदू. पण अंगरखा घातलेला याक ओळखायला त्याला डोळे लागत नव्हते. तो काठी टेकून उठला आणि दार अडवून उभा राहिला. म्हणाला, हिरमती, हे काय केलंस, पाठवलेला कुणी परत आणतं का? आणि मग, गावासमोर, त्यानं विचारलं, आणलास तर मग दलपू कुठाय?

हिरमतीनं अजूनही मागं पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "बूबू, अंगरखा घातला की तो याक नसतो, तोच असतो, असं तुम्हीच मला शिकवलंत. आता उंबरा सोडा. तीस वर्षं चालतोय दाज्यू, त्याला घरात येऊ द्या."